अधिकार गेला, अभय कां राहावें?

छळ करणारा अधिकारी पदावर असेपर्यंत त्याच्या केसालाहि धक्का लागत नाहीं, हें दुःख जुनेंच आहे. त्याविषयीं नवें कांहीं सांगावयाचें म्हणून आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. परंतु पद गेलें, देश सुटला आणि हा गृहस्थ परमुलखांत घर करून सुखानें राहूं लागला, तरीहि त्याला कोणीं न्यायासनापुढें उभें करूं नये, असें जेव्हां स्वतःस कायदेपंडित म्हणविणारे लोक गंभीर मुद्रेनें प्रतिपादूं लागतात, तेव्हां त्यांच्या म्हणण्याचा परामर्श घेणें प्राप्त होतें. त्यांचा मुख्य मुद्दा असा कीं, एका राष्ट्राच्या माजी राज्यकर्त्यानें आपल्या प्रजेला कसें वागविलें याची झडती दुसऱ्या राष्ट्राच्या न्यायाधीशानें घेणें म्हणजे पहिल्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर घाला घालणें होय. आमच्या देशांत हा मुद्दा लवकर पटतो, आणि तो कां पटतो हेंहि उघड आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनीं परक्यांचा न्याय परक्यांच्या भाषेंत ऐकून घेतला, त्यांना परक्या न्यायासनाचें प्रेम वाटावें तरी कोठून? या भावनेचा आम्ही अनादर करीत नाहीं. ती खरी आहे. मात्र तिचा उपयोग कोण करून घेतो, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे. आमच्या मतें सार्वभौमत्वाचें हें निशाण अशा खटल्यांत प्रजेच्या हातीं नसतें. तें आरोपीच्या वकिलाच्या हातीं असतें.

हें नुसत्या तर्कानें सिद्ध करण्यापेक्षां एका खटल्याची हकीकत सांगून सिद्ध करणें बरें. आफ्रिकेच्या मध्यभागीं चाड नांवाचा देश आहे. १९६० सालीं तो फ्रान्सच्या अमलांतून मोकळा झाला. १९८२ च्या जून महिन्यांत हिसेन हाब्रे हा आपलें बंडखोर सैन्य घेऊन राजधानी एन्जामेना येथें शिरला व त्यानें राज्य बळकावलें. उत्तरेकडील लिबियाच्या गद्दाफीला शह देण्यास हा माणूस उपयोगी, म्हणून फ्रान्स व अमेरिका या दोन्ही राष्ट्रांनीं त्याला हात दिला. १९८७ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं व्हाइट हाउसमध्यें त्याचें स्वागतहि केलें. या कृपाछत्राखालीं हाब्रेनें १९८३ सालीं ‘दस्तऐवज व सुरक्षा संचालनालय’ असें एक खातें काढलें. नांवावरून वाटावें, येथें कारकून जुनीं दप्तरें लावीत बसत असतील. प्रत्यक्षांत हें खातें थेट हाब्रेच्या हुकुमांत होतें, आणि माणसें पकडणें, कोंडणें, त्यांचे हाल करणें व त्यांना मारणें हाच त्याचा धंदा होता. फ्रेंच अमदानींत सैनिकांच्या कुटुंबांसाठीं बांधलेला पोहण्याचा एक तलाव राजधानींत होता. त्यावर काँक्रीटचें छत घालून खालीं दहा कोठड्या काढल्या. त्या तुरुंगाला लोक ‘पिसीन’ म्हणत. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ पोहण्याचा तलाव इतकाच. ‘अर्बाताशार’ नांवाचा एक प्रकार तेथें विशेष रूढ होता. दोन्ही हात व दोन्ही पाय पाठीमागें एकत्र आवळून असे बांधावयाचे कीं छाती पुढें फुगून यावी आणि रक्ताचा प्रवाह थांबावा. त्यांतून जिवंत सुटलेल्या पुष्कळांचे अवयव कायमचे लुळे पडले. कैद्याच्या तोंडांत चालू मोटारीच्या धुराची नळी खुपसणें हा दुसरा प्रकार. तपशील आम्ही येथेंच थांबवितों. हें मासिक घरांतील मुलेंहि वाचतात.

१९९० च्या डिसेंबरांत इद्रिस देबी या दुसऱ्या बंडखोरानें हाब्रेला हुसकून लावलें व हाब्रे सेनेगालला पळाला. १९९२ सालीं चाडच्या चौकशीमंडळानें त्याच्या आठ वर्षांच्या राजवटींत ४०,००० माणसें मारलीं गेल्याचा अंदाज दिला, आणि जातांना त्यानें सरकारी खजिना रिकामा केला असाहि आरोप ठेवला. डाकार शहरांत हाब्रेनें घर थाटलें, वजनदार स्नेही जोडले आणि जवळजवळ दहा वर्षें निर्वेध काढलीं.

आतां आम्ही आमच्या पंडितांना विचारतों: चाडच्या सार्वभौमत्वाचा खरा धनी कोण? हा हाब्रे, कीं सुलेमान गेंगेंग? दुसरें नांव त्यांच्या कानांवर बहुधा आलेलें नसेल. गेंगेंग हा चाड सरोवराच्या खोऱ्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाच्या कचेरींतील एक साधा नोकर. १९८८ पासून १९९० पर्यंत तो विनाचौकशी तुरुंगांत होता. शेजारचे कैदी एकामागून एक मरतांना त्यानें पाहिले, आणि जिवंत सुटलों तर याची दाद मागेन अशी तेथें शपथ घेतली. अशा शपथा तुरुंगांत पुष्कळ लोक घेत असतील; सुटल्यावर त्या पाळणारे थोडे. गेंगेंग व त्याचे सोबती यांनीं गांवोगांवच्या ७९२ पीडितांच्या जबान्या लिहून काढल्या. पुढें धाकदपटशा सुरू झाला, तेव्हां ते कागद त्यानें आपल्या घरांत वर्षानुवर्षें दडवून ठेवले.

मग या लोकांनीं चाडच्याच न्यायालयांत कां जाऊं नये, असें विचारलें जाईल. प्रश्न रास्त आहे. उत्तरहि तितकेंच रोकठोक आहे. वर सांगितलेल्या चौकशीमंडळाला बसावयास जागा मिळेना, म्हणून त्याची कचेरी कोठें थाटण्यांत आली? तर ज्या खात्याची चौकशी करावयाची त्याच खात्याच्या जुन्या इमारतींत! ज्या दारांतून आपणांस बांधून नेलें त्याच दारांतून साक्ष देण्यासाठीं आपल्या पायांनीं आंत या, असें पीडितांना सांगण्यासारखेंच हें झालें. त्या खात्यांतील पुष्कळ अधिकारी नव्या राजवटीच्या सुरक्षा खात्यांत पुनः रुजू झालेले होते. २००१ च्या जून महिन्यांत पीडितांच्या वकील जाक्लीन मूदेना या राजधानींतील एका शांततेच्या निदर्शनांत असतांना सुरक्षा दलाच्या लोकांनीं त्यांच्या रोखानें हातबाँब फेंकला. त्या तुकडीचा म्होरक्या हाब्रेच्या त्याच खात्यांतील एक जुना अधिकारी होता. मूदेना वांचल्या, पायांत शिरलेले लोखंडाचे तुकडे घेऊनच त्यांनीं पुढें खटला लढविला.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आम्हां मराठी वाचकांना लहानपणापासून पाठ असते. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर शास्त्रीबोवांनीं राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडलें. न्यायाधीशाच्या निर्भयपणावर आपण इतके लुब्ध असतों कीं, गोष्टीचा उत्तरार्ध सांगावयाचें राहून जातें. न्यायाधीश गांव सोडून गेला आणि आरोपी पेशवाईवर बसला. पुढें बारभाईंनीं कारभार हातीं घेतला, तेव्हां हाच आरोपी इंग्रजांच्या आश्रयास गेला. आणि इंग्रजांनीं १७७५ सालीं सुरत येथें त्याच्याशीं तह करून त्याचीच बाजू घेतली. परमुलखांतील आश्रय ही काय चीज असते, हें शिकण्यासाठीं मराठी माणसाला चाडपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. घरच्या न्यायासनाचा अधिकार पहिला, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु घरचा न्यायाधीश परागंदा आणि आरोपी परक्याच्या छत्राखालीं सुरक्षित, अशी जेथें स्थिति आहे तेथें ‘घरचाच न्याय हवा’ या म्हणण्याचा अर्थ ‘न्यायच नको’ असा होतो.

२००० सालच्या जानेवारींत चाडमधील पीडित डाकारला गेले आणि त्यांनीं हाब्रेविरुद्ध फिर्याद गुदरली. फेब्रुवारींत तेथल्या न्यायाधीशानें हाब्रेवर आरोप ठेवलाहि. परंतु २००१ च्या मार्चमध्यें सेनेगालच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, परदेशांत परकी माणसानें केलेल्या छळाचा खटला चालविण्याची तरतूद आमच्या कायद्यांत नाहीं. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण ती आम्हांला पुढें लागणार आहे: संयुक्त राष्ट्रांनीं १९८४ सालीं केलेल्या छळविरोधी कराराला सेनेगालनें १९८६ सालींच मान्यता दिलेली होती. करार केला होता. त्याला अनुसरून घरचा कायदा करावयाचा तेवढा राहिला होता.

तेव्हां पीडितांनीं बेल्जमचा दरवाजा ठोठावला. त्यांच्यापैकीं कांहीं जण बेल्जमचे नागरिक झालेले होते. २००२ सालीं खुद्द चाड सरकारनें बेल्जमला कळविलें कीं, आमच्या या माजी अध्यक्षाला आम्ही कोणतेंहि अभय मागत नाहीं. ज्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर घाला आल्याची ओरड चालली होती, त्या राष्ट्रानेंच आपली तक्रार नसल्याचें लिहून दिलें. तरी ओरड थांबली नाहीं! ती कोणाच्या वतीनें चालली होती, हें आतां निराळें सांगावयास नको. २००५ सालीं बेल्जमनें पकडवॉरंट काढलें. सेनेगाल ना हाब्रेला सोंपवी, ना त्याच्यावर खटला भरी. २००६ सालीं आफ्रिकन संघानें आफ्रिकेच्या वतीनें सेनेगाललाच खटला चालविण्यास सांगितलें; तरीहि पैशांची सबब, कायद्याची सबब असें करीत दिवस लोटले. अखेर बेल्जमनें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धांव घेतली, आणि त्या न्यायालयानें २० जुलै २०१२ रोजीं निकाल दिला कीं, सेनेगालनें विलंब न लावतां खटला चालवावा, नाहीं तर आरोपीला सोंपवावें. २०१३ सालीं आफ्रिकन संघाच्या सहकार्यानें डाकारमध्यें खास न्यायालय बसलें. जुलै २०१५ मध्यें सुनावणी सुरू झाली. आरोपीनें न्यायालय मानण्याचेंच नाकारलें; त्याला धरून आणून बसवावें लागलें. ९३ साक्षीदार झाले. आणि त्या निरुपद्रवी नांवाच्या खात्याचीं दप्तरें? तीं २००१ सालीं त्याच्या ओसाड कचेरींत जमिनीवर विखुरलेलीं सांपडलीं होतीं. त्यांत कोठडींत मेलेल्या वा मारलेल्या १,२०८ माणसांचीं नांवें होतीं, आणि छळाच्या निरनिराळ्या प्रकारांना बळी पडलेल्या एकूण १२,३२१ माणसांचा उल्लेख होता. दस्तऐवजांचें खातें हें नांव अगदींच खोटें नव्हतें, म्हणावयाचें. ३० मे २०१६ रोजीं हाब्रेला जन्मठेपेची शिक्षा झाली व २०१७ च्या एप्रिलमध्यें ती अपिलांत कायम झाली.

हा निकाल आफ्रिकेच्या भूमीवर, आफ्रिकन न्यायाधीशांनीं, आफ्रिकन पीडितांच्या फिर्यादीवरून दिला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणें नमूद करतों. सीमेपलीकडचा न्याय म्हणजे गोऱ्यांचा न्याय असा जो एक समज आहे त्याला हें उत्तर आहे. पण म्हणून आनंदानें टाळ्या पिटाव्या असेंहि नाहीं. पलायनापासून निकालापर्यंत पंचवीस वर्षें गेलीं. अपील-न्यायालयानें ७,३९६ पीडितांना मिळून सुमारें ८,२०० कोटी फ्रँक नुकसानभरपाई ठरविली. २४ ऑगस्ट २०२१ रोजीं हाब्रे मेला, तेव्हां त्या रकमेंतील एक पैहि कोणाच्या पदरांत पडलेली नव्हती.

सार्वभौमत्वाचा मुद्दा लंगडा पडला म्हणजे आमचे पंडित दुसरा मुद्दा पुढें करतात. अधिकाऱ्यानें जें केलें तें अधिकारपरत्वें केलें. तें कृत्य राज्याचें, त्याचें नव्हे. म्हणून पद गेल्यावरहि त्या कृत्यापुरतें अभय राहिलेंच पाहिजे. ऐकावयास हें भारदस्त वाटतें. याची खरी परीक्षा लंडनमध्यें झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजीं रात्रीं चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे हा तेथील एका रुग्णालयांत असतांना स्पेनच्या एका न्यायाधीशाच्या वॉरंटावरून पकडला गेला. प्रकरण लॉर्ड-सभेच्या न्यायाधीशांपुढें गेलें. पहिला निकाल पिनोशेविरुद्ध लागला, पण एका न्यायाधीशाचा फिर्यादी बाजूच्या एका संस्थेशीं असलेला संबंध आधीं सांगितला गेला नव्हता, म्हणून तो रद्द झाला. पक्षपाताचा नुसता वास आला तरी लागलेला निकाल पुसून टाकावयाचा, ही रीत पिनोशेच्या कोठड्यांतील कैद्यांना कधीं लाभली नव्हती. तथापि ती योग्यच आहे. मार्च १९९९ मध्यें सहा विरुद्ध एक अशा बहुमतानें पुनः निकाल झाला. त्यांतील मुख्य युक्तिवाद इतका सरळ आहे कीं, तो सामान्य माणसालाहि समजावा. करारांत छळाची व्याख्याच अशी आहे कीं, सरकारी अधिकाऱ्यानें, अथवा त्याच्या चिथावणीनें वा संमतीनें, जाणूनबुजून दिलेल्या तीव्र यातना म्हणजे छळ. म्हणजे अधिकारीपण हा या गुन्ह्याचा एक घटकच आहे. मग ‘तो अधिकारी होता म्हणून त्याला अभय’ असें म्हटलें, तर या गुन्ह्यासाठीं शिक्षा करावयास जगांत कोण उरला? चोरीविरुद्ध कायदा करावा आणि दुसऱ्याची वस्तु उचलणारास तो लागू नाहीं असें त्यांत लिहावें, तशांतला हा प्रकार! आणखी गंमत अशी कीं, चिलीला या करारानें बांधून घेणारें सरकार १९८८ सालीं पिनोशेचेंच होतें.

पदावरील राष्ट्राध्यक्षाची गोष्ट वेगळी. तो पदावर असेपर्यंत परक्या न्यायालयानें त्याला पकडूं नये, हा नियम राष्ट्रांचा परस्परव्यवहार चालावा म्हणून आहे, आणि तो आम्ही समजूं शकतों. हा भेद न्यायालयें आजहि पाळतात. सिरियाचा अध्यक्ष बशर असद याच्यावर फ्रान्समध्यें २०२३ सालीं काढलेलें वॉरंट तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या जुलैमध्यें रद्द केलें, कारण तें निघालें तेव्हां तो पदावर होता. पण त्याच निकालांत असेंहि म्हटलें कीं, डिसेंबर २०२४ पासून तो पदावर नसल्यामुळें नवें वॉरंट काढण्यास प्रत्यवाय नाहीं. अभय खुर्चीला आहे. खुर्ची सुटली कीं तें तेथेंच राहतें, माणसाच्या सामानांत बांधून नेतां येत नाहीं.

पिनोशेला पुढें प्रकृतीच्या कारणावरून मार्च २००० मध्यें सोडण्यांत आलें. चाकांच्या खुर्चींतून विमानांत चढलेला हा रुग्ण सँटियागोस उतरतांच उठून चालूं लागला, हें जगानें पाहिलें. १० डिसेंबर २००६ रोजीं तो शिक्षेवांचून मेला. मग लंडनचा खटाटोप व्यर्थ गेला का? आम्हांस तसें वाटत नाहीं. जें अभय अभेद्य म्हणून मिरवत होतें, तें चिलीच्याच न्यायालयांनीं २००० सालीं काढून घेतलें, आणि १९७८ च्या माफीच्या कायद्याआड लपलेल्या शेंकडों लष्करी अधिकाऱ्यांवर पुढील वर्षांत घरींच खटले चालले. परक्या न्यायालयानें घरच्या न्यायालयाची जागा बळकावली नाहीं. त्याची झोंप मोडली.

ही कल्पना नवी आहे असेंहि कोणी समजूं नये. त्रिनिदादचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिक्टन यानें १८०१ सालीं लुइसा काल्देरोन नांवाच्या चौदा वर्षांच्या आंतबाहेरच्या मुलीला, चोरीचा कबुलीजबाब काढण्यासाठीं, हातानें टांगून एका पायाखालीं लांकडी खुंटी देऊन लोंबकळत ठेवविलें. १८०६ सालीं लंडनमध्यें त्याच्यावर खटला होऊन पंचांनीं त्याला दोषी ठरविलें. बचाव काय, तर त्या बेटावर जुना स्पॅनिश कायदा चालू होता व त्याला छळ मंजूर होता! फेरसुनावणी झाली, प्रकरण रेंगाळलें, शिक्षा कधींच झाली नाहीं. वॉटर्लूवर तो पडला आणि सेंट पॉलच्या मंदिरांत त्याचें स्मारक झालें. मात्र २०२० सालीं कार्डिफच्या नगरसभेनें त्याचा पुतळा आपल्या सभागृहांतून हलविण्याचें ठरविलें. वॉरन हेस्टिंग्जवरील सात वर्षांच्या खटल्यांत बर्कनें रंगपूरच्या रयतेच्या हालांचें वर्णन केलें, तेव्हां त्याचाहि रोख हाच होता कीं, रेखांश बदलल्यानें नीति बदलत नाहीं. हेस्टिंग्ज १७९५ सालीं निर्दोष सुटला, हें अर्थात् सर्वश्रुत आहे.

आतां आम्ही त्या आक्षेपाकडे वळतों कीं ज्याला आम्हांजवळ सोपें उत्तर नाहीं. चाडचा हाब्रे सांपडतो. वॉशिंग्टनचा कोणी सांपडत नाहीं. बळी तो कान पिळी! बेल्जमनें १९९३ सालीं असा उदार कायदा केला होता कीं, गुन्हा कोठेंहि घडो, आरोपी कोणीहि असो, फिर्याद आमच्याकडे चालेल. २००१ सालीं त्या कायद्याखालीं रुवांडाच्या चार जणांना शिक्षा झाली, तोंपर्यंत सगळे प्रसन्न होते. पुढें अमेरिकेच्या माजी अध्यक्षावर व सेनापतीवर फिर्यादी येऊं लागल्या. २००३ च्या जूनमध्यें अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनीं ब्रुसेल्स येथें नाटोची कचेरी राहील कीं नाहीं याविषयींच जाहीर शंका काढली. ऑगस्टमध्यें कायदा रद्द झाला. स्पेनचें तेंच. चीनच्या माजी अध्यक्षावर तिबेटच्या प्रकरणांत वॉरंट निघालें, आणि २०१४ सालीं स्पेननें आपला कायदा आंखडून घेतला. अमेरिकेच्या सेनेटच्या समितीनें डिसेंबर २०१४ मध्यें स्वतःच्या गुप्तहेरखात्यानें कैद्यांना पाण्यांत गुदमरविल्याचा, दिवसच्या दिवस जागें ठेवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांनीं हें मंजूर केलें त्यांच्यापैकीं कोणावरहि तेथें खटला भरला गेला नाहीं. इटलीच्या न्यायालयानें मिलानच्या रस्त्यावरून एका माणसाला पळवून नेल्याबद्दल २००९ सालीं २३ अमेरिकनांना गैरहजेरींत दोषी ठरविलें खरें. पण त्यांच्यापैकीं बहुतेकांना मागून घेण्याची हिंमत इटलीच्या सरकारला झाली नाहीं.

हा दुटप्पीपणा किळसवाणा आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? मोठा दरोडेखोर सुटतो म्हणून लहान दरोडेखोरालाहि सोडावें, असें आमच्या गांवचा पाटीलसुद्धां म्हणणार नाहीं. आक्षेप घेणारांनीं अमेरिकेच्या अधिकाऱ्यांवरहि खटले चालावे अशी मागणी केली असती, तर आम्ही त्यांच्या पंक्तीस बसलों असतों. पण त्यांची मागणी हाब्रेला सोडावें एवढीच असते. शिवाय परकें म्हणजे तरी काय? अन्वर रस्लान हा दमास्कसच्या एका कुप्रसिद्ध कोठडींतील चौकशीचा प्रमुख. २०१४ सालीं तो निर्वासित म्हणून जर्मनीला आला. त्याच्या कोठडींतून सुटलेले लोकहि निर्वासित म्हणून तेथेंच आलेले होते. कोब्लेंट्झच्या न्यायालयानें निदान ४,००० माणसांच्या छळाच्या व २७ खुनांच्या प्रकरणीं १३ जानेवारी २०२२ रोजीं त्याला जन्मठेप दिली. आरोपी तेथें, साक्षीदार तेथें, जखमा तेथें. मग दमास्कस घरचें आणि कोब्लेंट्झ परकें, हें कोणाच्या हिशेबानें?

जुन्या जखमा उकरूं नयेत, असेंहि एक गोड वचन या प्रसंगीं ऐकूं येतें. तें बहुधा ज्यांना जखमा झालेल्या नसतात त्यांच्या तोंडून येतें. म्हणून त्याला आम्ही अधिक जागा देत नाहीं.

राहतां राहिला आमचा स्वतःचा देश. भारतानें छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं सही केली. परंतु नुसत्या सहीनें करार बंधनकारक होत नाहीं. त्याला पुढें रीतसर मान्यता द्यावी लागते, आणि ती आम्हीं अद्याप दिलेली नाहीं. घरचा कायदा आधीं करूं, मग मान्यता देऊं, असें सांगण्यांत आलें. ६ मे २०१० रोजीं लोकसभेनें एक विधेयक मंजूरहि केलें. राज्यसभेनें तें प्रवर समितीकडे धाडलें. समितीनें अहवाल दिला. आणि २०१४ सालीं लोकसभा विसर्जित होतांच विधेयक बारगळलें. २०१७ च्या ऑक्टोबरांत विधि आयोगानें आपल्या २७३ व्या अहवालांत नवा मसुदा तयार करून दिला. तो कपाटांत आहे. सेनेगालनें करार करून घरचा कायदा केला नव्हता. आम्हीं घरचा कायदाहि केला नाहीं आणि करारहि पुरा केला नाहीं.

यानें आमचें काय अडलें, असें विचारणारांसाठीं एक दाखला. १९९५ च्या डिसेंबरांत बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांत विमानांतून शस्त्रें टाकलीं गेलीं. त्यांतील डेन्मार्कच्या एका आरोपीला आमच्या सरकारनें मागितलें. डेन्मार्कच्या सरकारची तयारी होती. पण तेथील न्यायालयानें, भारतांत त्याचा छळ होण्याचा धोका आहे या कारणावरून, नकार दिला. २०११ सालीं वरच्या न्यायालयानें तो नकार कायम केला आणि २०२४ सालीं पुनः नकारच मिळाला. आमच्या भूमीवर शस्त्रें पाडणारा माणूस आमच्याच न्यायालयापुढें आणतां येत नाहीं, आणि कारण दिलें जातें आमच्या कोठड्यांचें! सार्वभौमत्वाची चाड असणारांनीं या अपमानाचा विचार करावा.

तेव्हां आमची मागणी अशी. करारास मान्यता द्यावी. विधि आयोगाचा मसुदा संसदेपुढें मांडावा. आणि परदेशांत छळ करून आमच्या देशांत आश्रयास आलेल्या माजी अधिकाऱ्यावर येथें खटला चालविण्याची किंवा त्याला सोंपवून देण्याची स्पष्ट तरतूद त्यांत करावी. त्याबरोबर आणखी एक गोष्ट करावी. आमच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या जुन्या कायद्यांत १९७ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंत तें २१८ वें झालें आहे. कर्तव्य बजावतांना अथवा बजावण्याच्या नांवाखालीं केलेल्या गुन्ह्याबद्दल वरच्या दर्जाच्या सरकारी नोकरावरील फिर्यादीची दखल सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून न्यायालयानें घेऊं नये, असें तें कलम सांगतें. आणि हें संरक्षण जो सरकारी नोकर ‘आहे किंवा होता’ त्या दोघांसहि देतें. छळाचा गुन्हा या कलमांतून अजिबात वगळावा. तेवढेंहि सरकारला झेंपत नसेल, तर ‘किंवा होता’ हे दोन शब्द या एका गुन्ह्यापुरते तरी खोडावे.